पाणी येऊन गेलेला मुलूख

घळई हा शब्द मी एकतीस वर्षं फळ्यावर लिहिला. आधी इंग्रजी 'व्ही'सारखी दरी काढायची, मग तिच्या बाजू पुसून जवळजवळ उभ्या करायच्या, तळाशी निळ्या खडूची रेघ ओढायची आणि म्हणायचं, "उदाहरणार्थ, कोलोरॅडो नदीची ग्रँड कॅन्यन." परीक्षेत त्याला दोन मार्क. पाथर्डी तालुक्यातल्या आमच्या शाळेतल्या मुलांनी वाहतं पाणी वर्षातून पंधरा-वीस दिवस पाहिलेलं. एकदा मागच्या बाकावरच्या एका पोराने विचारलं, "बाई, आमच्या वढ्याला पाणीच नसतं, मग त्यो येवढा खोल कसा?" मी म्हटलं, "पूर्वी असेल." पुस्तकातही साधारण तेच होतं. पोरगं खाली बसलं, पण त्याला ते पटलं नव्हतं आणि मलाही.

निवृत्तीनंतर लेकीकडे कॅलिफोर्नियाला गेले. तिला रजा नव्हती आणि ह्यांनी तर विमानात बसायलाच साफ नकार दिलेला. तेव्हा लेकीने मला आणि माझ्याबरोबर आलेल्या वन्संना लास व्हेगासहून सुटणाऱ्या तीन दिवसांच्या सहलीत बसवून दिलं. गाडीत आम्ही अकरा जण. ड्रायव्हर आणि गाईड एकच, साठीच्या आसपासचा, सावकाश बोलणारा. त्याचे नियम दोनच होते. पाण्याची बाटली दिसेल त्या नळावर भरून घ्यायची आणि तो सांगेल ती वेळ खरी मानायची.

दुसऱ्या नियमाचं कारण लवकरच कळलं. नेवाडातून निघून अ‍ॅरिझोनाचा एक कोपरा कापत गाडी युटाहमध्ये शिरते, तेव्हा घड्याळ एक तास पुढे जातं. उन्हाळी वेळ अ‍ॅरिझोना पाळत नाही. पण त्याच अ‍ॅरिझोनातली नवाहो लोकांची जमीन ती पाळते आणि तिच्या काठावरचं पेज हे गाव पाळत नाही. मी पहिल्याच दिवशी हार पत्करली. वन्संनी तर मनगटावरचं घड्याळ भारतातून निघाल्यापासून बदललंच नव्हतं. गंमत अशी, की आपली वेळ नेवाडापेक्षा साडेबारा तास पुढे आणि युटाहपेक्षा साडेअकरा. त्यामुळे काट्यांचं घड्याळ एकीकडे अर्धा तास पुढे दिसतं, दुसरीकडे अर्धा तास मागे. "म्हणजे माझंच मधलं," वन्सं म्हणाल्या, आणि तो विषय त्यांच्यापुरता संपला.

पहिला थांबा झायन राष्ट्रीय उद्यान. तिथल्या दरीत वर्षातला बहुतेक काळ स्वतःची गाडी नेता येत नाही. फाटकाशी उतरून उद्यानाच्या बसने आत जायचं. २००० सालापासूनची ही व्यवस्था मला फार आवडली. आपल्याकडच्या किती घाटमाथ्यांना ती हवी आहे, ते मोजत बसले तर हा लेख तिथेच संपेल. दोन्ही बाजूंना सहाशे मीटर उंचीचे तांबूस कडे, मध्ये पिवळी पडलेली कॉटनवुडची झाडं आणि त्यांच्यातून वाहणारी व्हर्जिन नदी. नदी म्हणजे केवढी, तर पोळ्याच्या सुमारास आमचा ओढा असतो तेवढी. वन्संनी पुलावरून खाली पाहिलं आणि विचारलं, "हिने केलंय हे सगळं?"

शेवटच्या थांब्यापासून नदीच्या कडेने दीड-दोन किलोमीटरची सिमेंटची वाट आहे. पुढे वाट संपते आणि लोक भाड्याचे बूट घालून, काठ्या टेकत पाण्यातूनच चालायला लागतात, कारण तिथून दोन कड्यांच्या मध्ये फक्त नदीच मावते. आम्ही पाय भिजवून परत फिरलो. पण त्या वाटेवर एका जागी मी बराच वेळ उभी होते. कोरड्या ठणठणीत कड्याच्या मध्यावर एक ओली रेघ, तिच्यावर नेचे आणि शेवाळ लोंबत होतं, आणि थेंब थेंब पाणी गळत होतं. वर पडलेला पाऊस आणि बर्फाचं पाणी वालुकाश्मात मुरतं, मुरत मुरत खाली येतं, तळाला पाणी न पिणारा चिकट खडक लागला की आडवं वळून बाहेर पडतं. या प्रवासाला हजाराहून जास्त वर्षं लागतात. म्हणजे माझ्या हातावर पडलेला थेंब ज्ञानेश्वरांच्या आधीच्या पावसाचा!

याला आपल्याकडे शब्द आहे, पाझर. तो मी पुस्तकात शिकले नाही. १९७२ च्या दुष्काळात मी बारा वर्षांची होते. आई खडी फोडायला जायची आणि आम्हा पोरांना सुकडी मिळायची म्हणून आम्हीही मागोमाग. पुढे त्याच कामांतून गावोगाव पाझर तलाव झाले. आज अडवलेलं पाणी चार महिन्यांनी खालच्या विहिरीला लागावं, एवढाच तेव्हा सगळ्यांचा हिशेब होता. हजार वर्षांचा हिशेब पाहून छाती दडपली.

झायनमधून पूर्वेला निघताना डोंगराच्या पोटातून १९३० साली खुला झालेला पावणेदोन किलोमीटरचा बोगदा लागतो. त्याला कड्याकडे उघडणाऱ्या खिडक्या आहेत. खोदताना निघालेला राडारोडा त्यांतूनच खाली लोटला होता. बाहेर आल्यावर डोंगरांवर आडव्या-तिरप्या रेघोट्या दिसायला लागल्या. या रेघा वाऱ्याने ओढलेल्या आहेत. साधारण १८ कोटी वर्षांपूर्वी इथे वाळूच्या टेकड्यांचं अफाट वाळवंट होतं. त्या टेकड्या गाडल्या गेल्या, घट्ट झाल्या, आणि त्यांचे उतार तसेच दगडात राहिले. वाऱ्याने रचलं, पाण्याने कापलं. हे एक वाक्य मला शाळेत सुचलं असतं, तर किती बरं झालं असतं.

संध्याकाळी ब्राइस कॅन्यन. उतरलो तेव्हा थंडीने दात वाजत होते, कारण कडा सुमारे २४०० मीटर उंचीवर आहे, कळसूबाई १६४६. समोर खोल अर्धगोलात हजारो सुळके उभे होते, केशरी, गुलाबी, मध्येच पांढरे. वन्संच्या तोंडून निघालं, "वहिनी, दिंडी उभी राहिलीय हो. रिंगण व्हायचंय अजून."

इथल्या मूळच्या पायूट लोकांची कथा याच्या फार जवळची आहे. हे सुळके म्हणजे पूर्वीचे लोक. त्यांची वागणूक बिघडली म्हणून कोल्ह्यासारख्या दिसणाऱ्या कायोटी देवाने, ते जसे उभे-बसले होते तसेच त्यांना दगड करून टाकलं. चेहऱ्यांवर रंग लावलेला होता, तो अजून तसाच आहे. आसनगावजवळच्या माहुली किल्ल्याच्या सुळक्यांना आपणही नवरा, नवरी, भटजी म्हणतोच. उभा दगड दिसला की माणसाला त्यात माणूस दिसतो, मग तो ठाण्याचा असो की युटाहचा. ज्याच्या नावाने हे उद्यान आहे, तो एबेनेझर ब्राइस नावाचा वसाहतकरी मात्र वेगळ्या जातीचा होता. गाय हरवायला ही फार वाईट जागा आहे, एवढंच तो म्हणाल्याचं सांगतात. मला हा माणूस आवडला. ज्याची गाय हरवते त्याला देखावा दिसत नाही, हे आमच्या गावात कुणीही सांगेल.

नाव कॅन्यन असलं तरी ही घळई नव्हेच. तिला कोरणारी एक अशी नदी नाही. मग केलं कुणी? उत्तर सकाळी मिळालं. माझी भरलेली बाटली रात्रभर गाडीत राहिली होती. आत बर्फ, आणि बाटलीचं बूड फुगून गोल झालेलं. ती उभीच राहीना. पाणी गोठलं की सुमारे ९ टक्क्यांनी फुगतं. ब्राइसमध्ये वर्षातले सुमारे १८० दिवस रात्री गोठतं आणि दिवसा वितळतं. दिवसा भेगेत शिरायचं, रात्री फुगून भेग रुंद करायची, सकाळी आणखी खोल उतरायचं. उरलेली बारीकसारीक कोरणी पावसाची. कायिक विदारण, पाच मार्क. मी ती बाटली गाईडला दाखवली. तो हसला आणि ती हातात उंच धरून बाकीच्या नऊ जणांना त्याने तेच समजावून सांगितलं. निवृत्तीनंतर माझं एवढं एकच शैक्षणिक साहित्य उपयोगी पडलं.

मग उताराला लागलो, तर गाईड म्हणाला की आपण जिना उतरतोय. हे खरंच आहे. इथला वरचा खडक सुमारे ५ कोटी वर्षांचा, तो ब्राइसला. त्याच्या खालच्या थरांतला झायनला. झायनच्या सगळ्यांत तळाचा थर तोच ग्रँड कॅन्यनच्या माथ्याचा, २७ कोटी वर्षांपूर्वीचा. क्लॅरन्स डटन या भूगर्भशास्त्रज्ञाने एकोणिसाव्या शतकात या प्रदेशाकडे एक मोठा जिना म्हणून पाहिलं. आपल्या दख्खनच्या दगडालाही 'ट्रॅप' म्हणतात, आणि त्या शब्दाचं मूळही जिनाच, स्वीडिश भाषेतलं. आपल्या पायऱ्या आगीच्या, यांच्या गाळाच्या.

पेज हे गाव १९५७ साली कोलोरॅडोवरच्या धरणाच्या कामगारांसाठी वसवलं गेलं. ग्लेन कॅन्यन धरण २१६ मीटर उंच आहे. मागचा लेक पॉवेल १९६३ पासून भरायला लागला आणि पूर्ण भरायला १९८० उजाडलं. आता त्याच्या कड्यांवर पाण्याच्या वर उंच पांढरा पट्टा दिसतो, पूर्वी पाणी कुठवर होतं ते सांगणारा. घरच्या रांजणाला आतून पडतो, तसाच.

गाईडने इथे कोलोरॅडोच्या पाणीवाटपाची गोष्ट सांगितली. १९२२ साली सात राज्यांनी कराराने नदी वाटून घेतली. पण ज्या वर्षांच्या पाण्यावर हिशेब केला, ती नेमकी भरपूर पावसाची होती. कागदावर वाटलेलं पाणी नदीत नाही, आणि बहुतेक वर्षी नदी समुद्रापर्यंत पोचतच नाही. गाडीतलं जर्मन जोडपं माना हलवत होतं. मला मात्र हसू यायला लागलं. नगर-नाशिकच्या धरणांतून जायकवाडीला पाणी सोडायचं की नाही, यावरून आमच्याकडे दर दुष्काळी वर्षी मोर्चे निघतात, कोर्टात तारखा पडतात. वन्सं दिल्या घरी पैठणला, मी नगर जिल्ह्यातली. या प्रश्नावर आम्ही दोघी एकमेकींशी गेली वीस वर्षं बोलत नाही, म्हणजे बाकी सगळं बोलतो. त्या खिडकीबाहेर बघत होत्या. मीही.

ज्याचं नाव त्या जलाशयाला आहे, तो जॉन वेस्ली पॉवेल एका हाताचा होता. दुसरा यादवी युद्धात गेलेला. १८६९ साली चार होड्या घेऊन तो ही सगळी नदी उतरला. पुढे १८९३ मध्ये सिंचनवाल्यांच्या परिषदेत उभं राहून त्याने सांगितलं, की या जमिनीला पुरेल एवढं पाणी इथे नाही. लोकांनी त्याची हुर्यो उडवली. आणि मग धरणाच्या पाण्याला त्याचंच नाव दिलं!

पेजच्या बाहेर नवाहो लोकांची, त्यांच्याच शब्दांत दिने लोकांची, जमीन लागते. रस्त्यावर एका मागोमाग एक पिकअप गाड्या जात होत्या, मागे पांढऱ्या प्लास्टिकच्या टाक्या बांधलेल्या. वन्संनी माझ्या आधी ओळखलं. "टँकर," त्या म्हणाल्या. तसंच होतं. नवाहो प्रदेशात साधारण तीन घरांमागे एका घरात नळ नाही. लोक मैलोगणती जाऊन पाणी भरून आणतात. जलाशय तिथून दिसतो.

अँटिलोप कॅन्यन त्यांचीच. दिने वाटाड्याशिवाय आत पाऊल टाकता येत नाही, आणि तेच योग्य आहे. आम्हाला मिळाली ती मुलगी विशी-बाविशीची असेल. बाहेरून काहीच दिसत नाही. सपाट माळ आणि जमिनीला पडलेली एक भेग, शेतात उन्हाळ्यात पडते तशी. त्या भेगेत लोखंडी जिने उतरतात. वन्संनी साडीचा पदर खोचला, कठडा धरला आणि "विठ्ठल विठ्ठल" म्हणत उलट्या तोंडाने उतरल्या.

आत काय आहे ते सांगणं अवघड आहे. फोटो सगळ्यांनी पाहिलेले असतात; फोटोत ते ज्वालांसारखं दिसतं. प्रत्यक्षात मला कुंभाराच्या चाकावरची माती आठवली. भिंती दोन्ही हातांना लागतात आणि कुठेही सरळ नाहीत. वरून उजेड पाझरत येतो, माथ्याला पिवळा, खाली येईतो जांभळा. आपल्या अकोले तालुक्यातली सांदण दरी मी पाहिली आहे. तीही अशीच अरुंद, पण सांदण म्हणजे डोंगराला उभी पडलेली चीर, काळी, धारदार. इथे सगळं गोल, घोटलेलं. हे घोटलं कुणी, ते त्या मुलीने जमिनीवरची बारीक वाळू मुठीत घेऊन दाखवलं. पुराच्या पाण्यातली वाळू. नुसतं पाणी नव्हे, वाळूने भरलेलं पाणी, वर्षातून काही तास, एवढ्या अरुंद फटीतून.

अँटिलोपच्या वरच्या भागाच्या नवाहो नावाचा अर्थच आहे, खडकातून पाणी वाहतं ती जागा. १२ ऑगस्ट १९९७ रोजी ते ज्यातून वाहिलं, ती आम्ही उभ्या होतो तीच खालची भेग. त्या दिवशी इथे पाऊस जवळजवळ नव्हताच. कित्येक किलोमीटर दूर वळीव कोसळला आणि ते पाणी या माळावरून भेगेत घुसलं. अकरा पर्यटक गेले. तेव्हा शिड्या लाकडी होत्या. आता लोखंडी जिने आहेत आणि वरच्या बाजूच्या हवामानावर सतत लक्ष ठेवतात. मुलीने हे सगळं सपाट आवाजात सांगितलं. वर पाहिलं तर आभाळाची निळी चिंधी. त्या चिंधीवरून पाऊस आहे की नाही, कसं कळणार?

तिथे मला ते मागच्या बाकावरचं पोर आठवलं. त्याच्या ओढ्याला पूर्वी बारमाही पाणी होतं म्हणून तो खोल झाला असं नाही. तो वर्षातून चार तासच वाहत असेल. तेवढे पुरतात. "पूर्वी असेल" हे माझं उत्तर चूक होतं. आता ते पोरगं चाळिशीचं असेल, पुण्यात चाकणला वगैरे.

हॉर्सशू बेंड मला आवडलं नाही, हे कबूल करते. कोलोरॅडो तीनशे मीटर खाली घोड्याच्या नालेसारखी वळते, फळ्यावर काढावं इतकं स्वच्छ नागमोडी वळण. पण कठड्याशी फोटोसाठी एवढी रेटारेटी, की नदीपेक्षा माणसांचे हातच जास्त दिसले. अजिंठ्याला व्ह्यू पॉइंटवरून वाघूरचं वळण पाहावं. ते एवढं प्रचंड नाही, पण त्याच्या काठावर माणसांनी काहीतरी केलेलं आहे.

तिसऱ्या दिवशी ग्रँड कॅन्यन. वर्णन करणार नाही. ४४६ किलोमीटर लांब, रुंदी जास्तीत जास्त २९ किलोमीटर, खोली दीड किलोमीटरहून जास्त. हे आकडे मी पाठ म्हणू शकते आणि कड्याशी उभं राहिल्यावर त्यांतला एकही कामाला आला नाही. डेझर्ट व्ह्यूच्या दगडी मनोऱ्यापाशी, जो मेरी कोल्टर या वास्तुरचनाकार बाईंनी १९३२ मध्ये बांधला, मी नदी शोधत राहिले. सापडली तेव्हा ती खरोखरच खडूच्या रेघेएवढी होती, फक्त निळी नव्हे, मातकट. कान देऊन ऐकलं. आवाज नाही.

गाईडने पश्चिमेकडच्या एका उंच टोकदार शिखराकडे बोट दाखवलं आणि आम्हा दोघींकडे बघत म्हणाला, "ते तुमचं. विष्णू टेंपल." डटनला या शिखरांत पूर्वेकडची देवळं दिसली. त्याने एकाला विष्णूचं, एकाला शिवाचं नाव दिलं. मग पुढच्यांनी तीच रीत चालवली. दरीच्या अगदी तळाच्या काळ्या खडकालाही त्या शिखरावरून विष्णू शिस्ट म्हणतात. वय सुमारे १७० कोटी वर्षं. जर्मन बाईंनी विचारलं, हा विष्णू काय करतो? मी इंग्रजीची जुळवाजुळव करून सांगितलं, की तो पाण्यावर झोपतो. सगळ्यांनी दरीकडे पाहिलं आणि जरा वेळ कुणी काही बोललं नाही.

दुपारी यावापाई पॉइंटवर दीड तास मोकळा मिळाला. तिथून गावाकडे एक वाट जाते, तिच्यावर काळ मोजलेला आहे. एक मीटर म्हणजे दहा लाख वर्षं, प्रत्येक मीटरला जमिनीत पितळी खूण. भूगोलाच्या बाईला याहून वेगळं देऊळ नको. माणसाची सगळी जात पहिल्या फुटातच आटोपते. ही अख्खी दरी कोरण्याचं काम पाच-सहा पावलांचं. ६६ व्या खुणेवर मी उभी राहिले. नाशिकपासून साताऱ्यापर्यंतचा आपला सगळा काळा दगड, अजिंठा, वेरूळ, रायगड, ज्यावर उभे आहेत तो, बराचसा या एका मीटरमध्ये ओतला गेला. वन्संना म्हटलं, हे आपलं गाव. त्यांनी मागे-पुढे पाहिलं आणि म्हणाल्या, "बरंच अलीकडचं दिसतंय."

३० कोटींच्या आसपास त्यांचे गुडघे बोलायला लागले. त्या बाकावर टेकल्या, पिशवीतून दशमी आणि शेंगदाण्याची चटणी काढली. एक खार लगेच समोर येऊन बसली. खारींना खायला घालाल तर दंड, अशी पाटी होती. "बघतेय कशी," वन्सं म्हणाल्या, आणि तिच्याकडे पाठ करून जेवल्या. मी म्हटलं, तुम्ही बसा, मी तो विष्णूचा दगड बघून येते, पुढे ठेवलाय त्याचा तुकडा.

"विष्णूचा? मघाशी का नाही सांगितलंत?"

उरलेली १४० कोटी वर्षं त्या माझ्यापुढे चालत होत्या. मधल्या टप्प्यात थरांची पानंच गहाळ आहेत, काही ठिकाणी शंभर कोटींहून जास्त वर्षांची. ते त्यांना सांगायला मला दम उरला नव्हता. दगड कमरेएवढ्या चौथऱ्यावर होता, काळपट, मध्ये चमकणारे कण. कुणीही हात लावावा म्हणूनच ठेवलेला. मी त्याचा पोत पाहिला, पट्टे पाहिले, रूपांतरित खडक, दोन मार्क. वन्संनी चपला काढल्या. बाटली उघडून ओंजळीत थोडं पाणी घेतलं, दगडाला लावलं आणि ओला हात डोळ्यांना. मागून येणाऱ्या एका कुटुंबाने थांबून त्यांना वाट दिली. पाण्याचा डाग आमच्या डोळ्यांदेखत कडेने आत आत सुकत गेला.

गाडी गावात उभी होती. गाईड दारापाशी मनगट दाखवत होता. वीस मिनिटं उशीर.

"कुठल्या घड्याळाने, विचारा त्याला," वन्सं म्हणाल्या आणि पायरी चढून आत जाऊन बसल्या. मी मनात हिशेब केला. त्यांच्या घड्याळाने आम्हाला पन्नास मिनिटं उशीर झाला होता.